ध्येयगामी उत्क्रांती (कथासाहित्यातील)

जीवसृष्टीची उत्क्रांती एका ठरलेल्या शेवटाकडे चालली आहे, मानव हा त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे आणि पुढचा मुक्काम कोणता हे आजच सांगता येते, असे गृहीत धरून रचलेल्या कथा, कादंबऱ्या, नाटके व चित्रपट यांतील कल्पनासूत्र. या कथांचा शेवट बहुधा तीनपैकी एका रूपात दाखवतात : प्रचंड डोके व खुरटलेले शरीर असलेला बुद्धिमान जीव, देह टाकून दिलेली शुद्ध ऊर्जा, किंवा असंख्य मने विरघळून झालेले एकच विराट मन. विज्ञानकथेत हे सूत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठळकपणे दिसते. ते डार्विनचे नाव घेऊन वावरते, पण त्याची मुळे डार्विनच्या कितीतरी आधीची आहेत.

ॲरिस्टॉटलने सजीवांची चढत्या क्रमाने मांडणी केली होती. मध्ययुगीन यूरोपात तिची जडापासून वनस्पती, प्राणी, मानव, देवदूत व ईश्वर अशी अखंड साखळी झाली. या साखळीत प्रत्येकाची जागा कायमची होती. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लामार्क याने १८०९ मध्ये सजीव पिढ्यानपिढ्या अधिक गुंतागुंतीचे होत जातात असे प्रतिपादन केले आणि त्या स्थिर शिडीचा सरकता जिना झाला. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे फेरे घेऊन नरदेह लाभतो ही आपल्याकडची धारणाही पायऱ्यांचीच आहे. पण तिथे पायऱ्या चढणारा एकटा जीव असतो, प्राण्यांची जात नव्हे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. मत्स्य, कूर्म, वराह या क्रमात उत्क्रांती शोधण्याची हौस मराठी वाचकाला परिचित आहे. हे साम्य थिऑसॉफीच्या प्रवर्तक मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ मध्येच ग्रंथात मांडले होते.

डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने या जिन्याचा आधारच काढून घेतला. संततीत लहानमोठे फरक पडतात. त्यांतले जे त्या ठिकाणी, त्या परिस्थितीत तगायला उपयोगी पडतात ते पुढच्या पिढ्यांत वाढतात. परिस्थिती बदलली की उपयोगाचा अर्थही बदलतो. ग्रंथात आकृती एकच आहे आणि ती फाटे फुटत जाणाऱ्या वृक्षासारखी आहे. ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे शब्द वापरू नयेत अशी सूचना डार्विनने स्वतःसाठी एका पुस्तकाच्या समासात लिहून ठेवली होती. ती त्याला नेहमीच पाळता आली असे मात्र नाही. त्याच ग्रंथाच्या अखेरीस जीवांच्या पूर्णत्वाकडील वाटचालीची आशा त्यानेही व्यक्त केली आहे. मग इतरांचे काय सांगावे! हर्बर्ट स्पेन्सरने उत्क्रांती आणि प्रगती जवळपास एकच मानली. १८९० च्या दशकात हाके व आयमर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी सजीवांना आतूनच एका सरळ दिशेने ढकलणारी प्रेरणा असते असा सिद्धांत मांडला. तो १९३०–४० च्या दशकांत आनुवंशिकी आणि नैसर्गिक निवड यांचा मेळ बसेपर्यंत बऱ्यापैकी प्रतिष्ठित होता. म्हणजे त्या काळातल्या कथालेखकांना सरसकट अडाणी ठरवता येत नाही. १९५० नंतरच्यांना ती सवलत नाही.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स हा या विषयाच्या दोन्ही बाजूंना सापडतो. लंडनमध्ये तो टी. एच. हक्सलीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता. १८९३ मध्ये त्याने दशलक्षाव्या वर्षीच्या माणसावर एक अर्धवट थट्टेचा लेख लिहिला : मोठे डोके, मोठे डोळे, कामाचे फक्त हात, बाकी सगळे गळालेले आणि अन्न खाण्याऐवजी पोषक द्रवात डुंबणे. पुढच्या शतकभरातल्या फुगीर कपाळाच्या परग्रहवासीयांचा मूळपुरुष हाच. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) मधले मंगळवासी म्हणजे त्याच लेखाचे मूर्त रूप. मेंदू आणि हातांपलीकडे त्यांना जवळजवळ काही उरलेलेच नाही. पण त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या यूरोपीयांनी केलेल्या संहाराची आठवण देतो. आपण शिडीच्या टोकाला आहोत असे मानणाऱ्या ब्रिटिश वाचकाला तो तिच्या मधल्या पायरीवर उभे करून वरून कसे वाटते ते दाखवतो.

त्याची ‘द टाइम मशीन’ (१८९५) याहून मोलाची. प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टर याने १८८० मध्ये अपकर्षावर एक पुस्तिका लिहिली होती. खेकड्याच्या देहात मुळांसारखा पसरणारा सॅक्युलिना हा परजीवी त्या विचाराचा नमुना : त्याची अळी पोहणारी, पाय असलेली, प्रौढ जीव म्हणजे निव्वळ अन्न शोषणारी पिशवी. हा धागा वेल्सने माणसावर आणून बेतला. कालयात्री इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोचतो तेव्हा आपल्याहून कितीतरी पुढे गेलेली माणसे भेटतील अशी त्याची अपेक्षा असते. भेटतात ते चार फूट उंचीचे, लहान मुलांच्या बुद्धीचे एलॉय आणि जमिनीखाली यंत्रे चालवणारे व रात्री एलॉयना खाणारे मॉरलॉक. मालक आणि मजूर हे दोन वर्ग आपापल्या परिस्थितीला जुळवून घेत दोन वेगळ्या जाती झालेले असतात. इथे कोणी शिडी चढत नाही, फांदी फुटते. हे डार्विनचे खरे आकलन होते, आणि वेल्सनंतर आलेल्या बहुतेकांना ते झेपले नाही.

जॉर्ज बर्नार्ड शॉला ते झेपण्याचा प्रश्नच नव्हता. नैसर्गिक निवडीचा त्याला उघड तिटकारा होता. ‘बॅक टू मेथ्युसेला’ (१९२१) या पाच भागांच्या नाटकाच्या लांबलचक प्रस्तावनेत त्याने लामार्क आणि जीवनप्रेरणेची बाजू घेतली. नाटकात माणसे आधी इच्छेच्या बळावर तीनशे वर्षे जगू लागतात. ३१,९२० साली ती अंड्यातून वयात आलेलीच बाहेर पडतात, चार वर्षांत नाचगाणे आणि प्रेम आटोपतात आणि नंतर शतकानुशतके चिंतन करीत देहापासून सुटायची वाट पाहतात. रंगभूमीवर हा शेवट जड जातो. देहाचा कंटाळा आलेली पात्रे प्रेक्षकाने किती वेळ पाहावीत!

एडमंड हॅमिल्टनची ‘द मॅन हू इव्हॉल्व्ह्ड’ (१९३१) ही अमेरिकन मासिकातली छोटी कथा हे सूत्र सर्वांत उघडेवाघडे दाखवते. पोलार्ड नावाचा शास्त्रज्ञ वैश्विक किरण एकवटणाऱ्या यंत्रात बसतो. दर पंधरा मिनिटांत पाच कोटी वर्षांची उत्क्रांती. प्रथम तो देखणा, बलदंड होतो, मग डोके वाढते, शरीर आक्रसते, जगावर राज्य करावेसे वाटते, मग तेही क्षुद्र वाटू लागते, अखेर निव्वळ मेंदू उरतो. शेवटच्या फेरीत यंत्रात जे सापडते तो जीवद्रव्याचा गोळा असतो : उत्क्रांती वर्तुळाकार निघाली. कथा आजही मजेने वाचवते. तिच्यातली मूळ चूक मात्र किरणांची नाही. एका माणसाची उत्क्रांती होतच नसते. ती पिढ्यांच्या ओळीत, समूहातील गुणांचे प्रमाण बदलत होते. खोलीत एकट्याला बसवून जे घडते ती वाढ.

या साऱ्या प्रकाराचे मर्म इथे आहे. कथेला नायक लागतो आणि शेवट लागतो. नैसर्गिक निवडीत दोन्ही नसतात. म्हणून लेखक जातीचा इतिहास एका देहाच्या वाढीच्या रूपात सांगतात : बाल्य, तारुण्य, प्रौढत्व, देहमुक्ती. गर्भाच्या वाढीत जातीचा इतिहास पुन्हा घडतो, हा हेकेलचा १८६६ चा सिद्धांत या सोयीच्या मदतीला आला. भविष्यातल्या मानवाचे ठरीव चित्र पाहिले तरी हे कळते. मोठे डोके, मोठे डोळे, लहान जबडा, केशहीन त्वचा ही अर्भकाचीच लक्षणे आहेत. प्रौढ मानवात वानरगर्भाची लक्षणे टिकून राहिली आहेत, असे डच शरीररचनाशास्त्रज्ञ लुई बोल्क याने १९२६ मध्ये प्रतिपादन केले होते. चित्रकारांनी तीच रेघ पुढे ओढली.

आर्थर सी. क्लार्कने हे रूपक आडपडदा न ठेवता वापरले. ‘चाइल्डहुड्स एंड’ (१९५३) या शीर्षकातच मानवजातीचे बालपण आहे. परग्रहावरून आलेले अधिपती पृथ्वीवर शांतता नांदवतात. मग एका पिढीची मुले आईबापांना ओळखेनाशी होतात आणि एका विश्वमनात विलीन होतात. कादंबरीतले खरे दुःख त्या अधिपतींचे आहे. बुद्धीने श्रेष्ठ असूनही ते पुढे जाऊ शकत नाहीत, इतरांची सुईण होणे एवढेच त्यांच्या वाट्याला येते. ध्येय मानले की मागे राहिलेले आलेच, हे क्लार्कला दिसले होते. स्टॅन्ली कूब्रिकबरोबरच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मध्ये काळा शिलास्तंभ वानरमानवाला हत्यार सुचवतो आणि अखेर अंतराळवीराचा तारकाशिशू होतो, अक्षरशः गर्भ. इथे उत्क्रांतीला कोणीतरी बाहेरून दिशा देतो, म्हणजे ईश्वराची जागा परग्रहवासीयाने घेतली आहे. जेझुइट पुराजीववैज्ञानिक तेयार द शार्दें याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. सारे चैतन्य एका अंतिम बिंदूत एकवटेल ही त्यातली कल्पना क्लार्कच्या विश्वमनाची धार्मिक भावंड शोभते.

दूरचित्रवाणीने या सूत्राचा ठोकळा केला. ‘द आउटर लिमिट्स’ मालिकेच्या १९६३ मधील एका भागात वेल्स प्रदेशातला खाणकामगार यंत्रात बसून भविष्यमानव होतो आणि त्याला सहावे बोट फुटते. ‘स्टार ट्रेक’मध्ये देहातीत ऊर्जारूप जमातींची रेलचेल आहे. १९९६ मधील एका भागात तर अतिवेगामुळे एक अधिकारी ‘पुढे’ उत्क्रांत होत शेवटी पाण्यातला सरडावजा जीव होतो, जणू पुढची सारी पाने जनुकांत आधीच छापून ठेवलेली होती. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्ये (मूळ कादंबरी १९६३) माणूस घसरतो आणि कपी त्याच्या जागी चढतात. अधोगतीच्या कथा वरवर बंडखोर वाटतात, पण त्याही त्याच शिडीवरून उलट चालतात.

शिडीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र कथेतले नाहीच. १९६५ मध्ये एका लोकप्रिय ग्रंथासाठी रूडॉल्फ झॅलिंगर याने वानरापासून माणसापर्यंत एका रांगेत चालणाऱ्या पंधरा आकृती काढल्या. त्यांतील प्रत्येक पुढच्याचा पूर्वज आहे, असा ग्रंथाचा दावा नव्हता. पण चित्र लक्षात राहिले आणि मजकूर विसरला गेला. घोड्याच्या उत्क्रांतीच्या जुन्या सरळ आलेखाचेही तेच झाले; जीवाश्म अनेक फांद्यांचे आहेत आणि आजचा घोडा ही त्यांतली एक उरलेली फांदी. गुहेतल्या माशाचे डोळे जातात, पट्टकृमीचे आतडे जाते. तिथे ते तसेच बरे चालते. स्टीव्हन जे गोल्ड याने १९८९ मध्ये असे मांडले की जीवसृष्टीची फीत मागे नेऊन पुन्हा चालवली तर माणूस येईलच असे नाही. सायमन कॉनवे मॉरिस मात्र वेगवेगळ्या वंशांत डोळा, पंख, बुद्धी यांसारखी उत्तरे पुन्हा पुन्हा सापडतात याकडे बोट दाखवतो. वाद जिवंत आहे, पण तो ठरावीक उपाय पुन्हा निघण्याविषयी आहे. देह सोडून ऊर्जा होण्याविषयी नाही.

ध्येयाला नकार देणाऱ्या कादंबऱ्या थोड्या, पण तालेवार आहेत. ओलाफ स्टेपल्डनच्या ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ (१९३०) मध्ये दोन अब्ज वर्षांत अठरा मानवजाती होतात. चौथी निव्वळ महामेंदूंची आहे आणि ती शेवट नसून फसलेला प्रयोग ठरते. नेपच्यूनवर एक जात पशुत्वाला पोचते आणि कोट्यवधी वर्षांनी तिच्यातूनच पुन्हा माणसे निपजतात. अठरावी जात श्रेष्ठ आहे खरी, म्हणजे प्रगतीचा मोह स्टेपल्डनलाही पुरता सुटलेला नाही. कर्ट व्हॉनेगटच्या ‘गॅलापागोस’ (१९८५) मध्ये तो मागमूसालाही नाही. एका बेटावर अडकलेल्या मूठभर माणसांचे वंशज दहा लाख वर्षांनी केसाळ, वल्ह्यांसारख्या हातांचे, मासे पकडणारे प्राणी होतात. पोहायला निमुळते डोके बरे, म्हणून मेंदू लहान होतो आणि मोठ्या मेंदूने केलेले सगळे उपद्व्याप थांबतात. स्टीफन बॅक्स्टरची ‘इव्होल्यूशन’ (२००२) डायनोसॉरांच्या काळातल्या छोट्या सस्तन प्राण्यापासून सुरू होते. माणसाचा काळ तिच्यात मध्येच येऊन जातो आणि पन्नास कोटी वर्षांनंतर त्याचे वंशज एका झाडाच्या आश्रयाने, त्याच्याशी देवाणघेवाण करीत जगताना दिसतात. त्यांतल्या शेवटच्या नायिकेला बॅक्स्टरने ‘अंतिम’ या अर्थाचे नाव दिले आहे. ती अंतिम आहे ती केवळ तिच्यानंतर कोणी उरत नाही म्हणून.