बर्लिनची बिनतारी पाणपोई

वैशाखाच्या उन्हांत रस्त्याच्या कडेला पाणपोई घालणारा गृहस्थ वाटसरूचें नांव विचारीत नाहीं, कीं त्याचें गांव-गोत्र पुसत नाहीं. तहान हीच तेथली ओळख असते. परंतु त्या पाणपोईवर पाणी पिऊन गेलेल्या एखाद्या वाटसरूनें पुढच्या गांवीं चोरी केली, आणि फिर्यादीनें येऊन पाणपोईवाल्याकडेच खर्च मागितला, तर काय होईल? पहिल्या दिवशीं लोक हंसतील; दुसऱ्या दिवशीं मात्र आपापले रांजण झांकून ठेवतील. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. पाण्याच्या जागीं तेथें इंटरनेट होतें, आणि रांजणाच्या जागीं घराच्या खिडकींत ठेवलेली लहानशी बिनतारी पेटी.

ज्या चळवळीनें हा प्रश्न धसास लावला तिचें नांव ‘फ्रायफुंक’. जर्मन भाषेंत बिनतारी संदेशवहनाला ‘फुंक’ म्हणतात. या शब्दाचें मूळ ठिणगींत आहे. कारण आरंभींचीं प्रक्षेपणयंत्रें विजेच्या ठिणग्या पाडूनच लहरी निर्माण करीत. ‘फ्राय’ म्हणजे मोकळा. तेव्हां फ्रायफुंक म्हणजे मोकळी बिनतारी वाट. जिच्यावर नाका नाहीं, पहारा नाहीं आणि कर नाहीं अशी.

या कल्पनेचें बीज बर्लिनमध्यें लंडनहून आलें. सन २००० च्या सुमारास तेथें जेम्स स्टीव्हन्स आणि ज्यूलियन प्रीस्ट या दोघांनीं ‘कन्झ्यूम’ नांवाचा उपक्रम आरंभिला होता. त्यांचें म्हणणें साधें होतें. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनीं आपापल्या घरांवर बिनतारी यंत्रें बसवून एकमेकांशीं जोडून घेतलीं, तर मधल्या अंतरासाठीं दूरध्वनी-कंपनीच्या तारेचें भाडें कशाला भरावें? सन २००२ च्या ऑक्टोबरांत लंडनचे आणि बर्लिनचे हौशी लोक बर्लिनमध्यें एकत्र जमले, आणि तेथून पुढें या बीजाला अंकुर फुटले.

अंकुर फुटावयास भूमीहि तशीच अनुकूल होती, आणि ती अनुकूलता एका विचित्र योगायोगाची होती. सन १९९० मध्यें दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडील मोडकळीस आलेल्या दूरध्वनी-व्यवस्थेचा जीर्णोद्धार हातीं घेण्यांत आला. तो करतांना पूर्व बर्लिनच्या फ्रीड्रिख्सहाइनसारख्या भागांत जुन्या तांब्याच्या तारेऐवजीं अत्याधुनिक कांचतंतूची तार घालण्यांत आली. त्या वेळीं ती प्रगतीची परमावधि वाटली. परंतु दहा वर्षांनीं जलद इंटरनेटची जी पद्धति घरोघर रूढ झाली, तिला केंद्रापासून घरापर्यंत अखंड तांब्याचीच तार लागत असे. आणि ती कांचतार तर केवळ दूरध्वनीच्या हिशेबानें घातलेली. पश्चिमेकडील जुन्या तारांच्या मोहोल्ल्यांत जलद इंटरनेट पोंचलें, आणि नव्या तारेचा मान मिळालेले मोहोल्ले मागें राहिले! ज्याला सर्वांत आधीं नवें मिळालें तोच वंचित ठरला. तेव्हां तार येत नसेल तर तारेविणें जोडून घेऊं, असा विचार तेथील तरुणांच्या मनांत आला असल्यास नवल नाहीं.

या जोडणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. घरोघरीं वापरली जाणारी वाय-फायची पेटी संदेश घेतेहि आणि देतेहि. तिची प्रक्षेपणशक्ति युरोपांत त्या लहरींच्या पट्ट्यांत एक-दशांश वॅटपर्यंतच मर्यादित आहे. मात्र तो पट्टा वापरण्यास परवाना लागत नाहीं. अशा पेट्या एकमेकींच्या टप्प्यांत ठेवल्या म्हणजे एकीचा संदेश दुसरी उचलते, दुसरीचा तिसरी, आणि असें करतां करतां छपरांवरून छपरांवर एक जाळें विणलें जातें. त्यांतील एखाद्या घरीं जरी इंटरनेटची खरी जोडणी असली, तरी तिचा लाभ दूरच्या घरांस मिळतो. एक पेटी बंद पडली तर संदेश दुसऱ्या वाटेनें वळतो. या जाळ्याला केंद्र नाहीं, म्हणून मालकहि नाहीं.

सन २००३ मध्यें या कामास एक अनपेक्षित साहाय्य मिळालें. लिंकसिस या अमेरिकन कंपनीच्या एका लोकप्रिय पेटींत ‘लिनक्स’ ही मुक्त संगणकप्रणाली वापरलेली आढळली. आणि त्या प्रणालीच्या परवान्यास अनुसरून कंपनीला आपला कार्यक्रम-संकेत खुला करावा लागला. मग काय, हौशी मंडळींनीं त्या पेटीचा जुना मेंदू काढून तींत आपला नवा मेंदू बसविला. स्प्रे नदीकांठच्या ‘सी-बेस’ या संगणकप्रेमींच्या मंडळांत लोक जमत, डाख देत, अँटेना बनवीत आणि नवख्यांस शिकवीत. संदेशाची वाट शोधण्याची फ्रान्समध्यें जन्मलेली पद्धति मोठ्या जाळ्यास अपुरी पडूं लागली, तेव्हां सन २००६ पासून बर्लिनकरांनीं स्वतःचीच पद्धति रचली. तिचें तत्त्व आपल्याकडील पायीं यात्रेकरूस ओळखीचें वाटेल. सबंध मुलखाचा नकाशा जवळ बाळगण्याची गरज नाहीं. प्रत्येक गांवीं ‘पंढरीची वाट कोणती?’ एवढें विचारावें आणि दाखविलेल्या दिशेनें पुढच्या गांवीं जावें. ही पद्धति इतकी सरस ठरली कीं सन २०११ मध्यें लिनक्सच्या गाभ्यांतच तिला स्थान मिळालें.

परंतु यंत्रापेक्षां महत्त्वाचा होता तो करार. तो लहानसा होता. त्याचें मुख्य कलम असें कीं, माझ्या यंत्रावरून जाणाऱ्या परक्याच्या संदेशास मी वाट देईन, त्याचें मोल घेणार नाहीं, आणि त्यांत ढवळाढवळ करणार नाहीं. सेवा अखंड चालेल अशी हमी मात्र कोणी कोणास दिलेली नव्हती. जें आहे तें देईन, इतकेंच.

येथवर सर्व गोड होतें. पुढें कायद्याची गांठ पडली. जर्मन कायद्यांत एक जुनें तत्त्व होतें. ज्यानें स्वतः गुन्हा केला नाहीं, पण ज्याच्या साधनामुळें तो घडूं शकला, त्यासहि कांहीं अंशीं जबाबदार धरतां येत असे. कोणा अनोळखी माणसानें एखाद्याच्या खुल्या जोडणीवरून गाणें चोरून वांटलें, तर वकिलाचें ताकीदपत्र येई तें जोडणीच्या मालकास, आणि पत्राचा खर्चहि त्याच्याच माथीं बसे. ता. १२ मे २०१० रोजीं कार्ल्सरूए येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें अशाच एका खटल्याचा निकाल दिला. प्रतिवादी त्या वेळीं घरींच नव्हता, सुटीवर गेला होता. न्यायालयानें त्याला नुकसानभरपाईंतून मुक्त केलें. परंतु आपल्या बिनतारी जोडणीस योग्य परवलीचा शब्द लावणें हें त्याचें कर्तव्य होतें, असें ठरवून ताकिदीच्या खर्चाची जबाबदारी त्याच्यावर टाकली. झालें! दार उघडें ठेवणें हाच दोष ठरला. उपाहारगृहें, दुकानें, सामान्य गृहस्थ सारेच धास्तावले, आणि रांजण झांकले जाऊं लागले.

फ्रायफुंकच्या मंडळींनीं मात्र दार लावलें नाहीं. कांहींनीं पाहुण्यांचे संदेश गुप्त वाटेनें स्वीडनला नेऊन तेथून इंटरनेटांत सोडले. राइनलँडमधील मंडळानें स्वतः सेवादात्याची भूमिका पत्करली. कारण मोठ्या कंपन्यांस, त्यांच्या तारेवरून कोण काय नेतो याबद्दल, कायद्यानें अभय होतें. ‘टपालखात्याला पत्रांतील मजकुराबद्दल कोणी पकडीत नाहीं, मग जें धनवानाला अभय तें शेजाऱ्याला कां नसावें?’ असा हा रोकडा प्रश्न होता.

सन २०१५ मध्यें या प्रश्नाला मानवी चेहरा आला. त्या एका वर्षांत सुमारें आठ लक्ष नव्वद हजार निर्वासित जर्मनींत आले. व्यायामशाळांत आणि रिकाम्या इमारतींत त्यांची सोय लावण्यांत आली. त्यांच्याजवळ सामान थोडें, पण मोबाइल मात्र बहुतेकांपाशीं होता. कारण मागें राहिलेलीं आईबापें, वाटेंत चुकलेलीं भावंडें यांचा ठावठिकाणा त्याच एका यंत्रांतून कळण्यासारखा होता. अशा कित्येक निवासस्थानीं फ्रायफुंकच्या स्वयंसेवकांनीं पेट्या नेऊन बसविल्या. कालपर्यंत ज्या उघड्या दाराकडे कायदा संशयानें पाहत होता, त्याच दारांतून आईला मुलाची खुशाली कळत होती.

पुढें न्यायाचें चाक फिरलें, पण सावकाश. म्युनिकनजीकच्या एका दुकानदारानें मुद्दाम खुली ठेवलेल्या जोडणीचा खटला लक्झेंबुर्ग येथील युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ता. १५ सप्टेंबर २०१६ च्या निकालानें त्याला भरपाईंतून अभय मिळालें. तथापि परवलीचा शब्द लावण्याचा हुकूम त्यास देतां येईल, अशी मेख त्यांत राहिलीच. अखेर जर्मन संसदेनेंच कायदा बदलला. ऑक्टोबर २०१७ पासून खुली जोडणी देणाऱ्याकडून ताकिदीचा खर्च मागतां येईनासा झाला, आणि परवलीची सक्तीहि संपली. सन २०१८ मध्यें कार्ल्सरूएच्या न्यायालयानेंहि हा बदल ग्राह्य मानला.

या जाळ्याचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. प्रत्येक टप्प्यागणिक संदेशाचा वेग घटतो. पावसापाण्यांत छपरावरची पेटी बिघडते. आणि ती दुरुस्त करावयास शिडी घेऊन चढणारा माणूस पगारी नसून नोकरीवरून थकून आलेला शेजारी असतो. मोबाइलवरील इंटरनेट जसजसें सुलभ झालें, तसतशी अनेकांची निकडहि ओसरली. पण पाणपोईची योग्यता गांवांत नळ आला कीं नाहीं यावरून ठरत नाहीं. ज्याच्या घरीं नळ नाहीं त्याची तहान कोणी आठवली होती कीं नाहीं, यावरून ती ठरते.

सन २०२० च्या डिसेंबरांत जर्मनीच्या करविषयक कायद्यांत दुरुस्ती झाली. लोकोपयोगी म्हणून करसवलतीस पात्र अशा उद्योगांची एक जुनी यादी त्यांत आहे. पशुपैदास, बागबगीचे, कार्निव्हलची परंपरा, हौशी बिनतारी, विमानांच्या प्रतिकृति उडविणें, इतकेंच काय, कुत्र्यांचे खेळदेखील तींत आहेत. त्या घरगुती, भाबड्या यादींत ‘फ्रायफुंक’ हा एक शब्द नव्यानें घालण्यांत आला. दहा वर्षांपूर्वी ज्या कृत्याबद्दल ताकीदपत्र येत असे, तेंच आतां राज्याच्या दफ्तरीं लोकोपयोगी म्हणून नोंदलें गेलें. मधल्या काळांत पेटी तीच होती, लहरी त्याच होत्या, छपरेंहि तींच होतीं. बदलली होती ती राज्याची दृष्टि. आणि ती बदलेपर्यंत कांहीं शेजाऱ्यांनीं आपल्या रांजणावरचें झांकण काढून ठेवण्याचा हट्ट सोडला नव्हता.