डागातून काय उगवतं

पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर घोडा, म्हातारी किंवा एखाद्या देशाचा नकाशा ज्याला कधीच दिसला नाही असं मूल मिळणं कठीण. हाच खेळ लिओनार्दो दा विंचीनं चित्रकारांना अभ्यास म्हणून सांगून ठेवला आहे: डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून पाहा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे दिसतील. तिथेच त्यानं बोत्तिचेल्लीला एक चिमटाही काढला आहे. भिंतीवर रंगात बुडवलेला स्पंज फेकला की निसर्गचित्र तयार होतं, असं बोत्तिचेल्ली म्हणायचा. म्हणूनच त्याची निसर्गचित्रं सुमार असायची, असा लिओनार्दोचा शेरा. डाग कल्पना सुचवतो, पण चित्र पूर्ण करायला शिकवत नाही, हा त्यातला मुद्दा.

चारशे वर्षांनंतर माक्स एर्न्स्टनं हा मुद्दा उलटा करून पाहिला. एर्न्स्टनं कला महाविद्यालयाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. बॉन विद्यापीठात तो तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र शिकला आणि पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्यात होता. त्यानं स्वतः सांगितलेली हकिकत अशी. 10 ऑगस्ट 1925, फ्रान्सच्या किनाऱ्यावरची एक खाणावळ, बाहेर पाऊस. घासून घासून रेषा उघड्या पडलेल्या लाकडी फरशीवरून त्याची नजर हटेना. लहानपणी पलंगासमोर नकली महोगनीची एक फळी होती आणि अर्धवट झोपेत तिच्यात त्याला आकार दिसायचे, तेही त्याला आठवलं. त्यानं फरशीवर कागद टाकले आणि वरून पेन्सिलीचं शिसं घासलं. आपण शाळेत वहीच्या पानाखाली नाणं ठेवून हेच करायचो. पण एर्न्स्ट घासून झाल्यावर त्या उमटलेल्या रेषांकडे पाहत बसला आणि त्यातून पानं, पक्षी, माशासारखे प्राणी बाहेर आले. 1926 साली त्यातल्या 34 चित्रांचा संच ‘नैसर्गिक इतिहास’ या अर्थाच्या फ्रेंच नावानं छापला गेला.

हकिकत थोडी रंगवलेली असेलही. अतिवास्तववाद्यांना साक्षात्काराची तारीख द्यायला आवडायचं. पण चित्रं पाहिली की चित्रकाराला यात काय ओढ वाटली असेल ते कळतं. हात एरवी सवयीनं चालतो. शिकलेलं वळणच गिरवतो. फरशीवर ती सवय मोडते. रेषा आधीच पडलेली असते, चित्रकाराचं काम ती ओळखण्याचं. एर्न्स्ट स्वतःच्या चित्राचा पहिला प्रेक्षक होतो.

पुढे त्यानं ओल्या रंगावर काच किंवा कागद दाबून उचलायचं तंत्र वापरलं. रंग उचलताना ओढला जातो आणि शेवाळ, पोवळं, कुजलेलं मांस असं काहीही भासणारा पोत उरतो. 1940 ते 1942 या काळातलं त्याचं ‘पावसानंतरचा युरोप’ असंच घडलं. मध्ये युद्ध होतं: जर्मन म्हणून फ्रान्समध्ये नजरकैद, मग अमेरिकेकडे पलायन. त्या चित्रातली भग्न, सडलेली भूमी त्यानं आधी ठरवली की रंगानं सुचवली, हे वेगळं काढता येत नाही.

आमच्या धंद्यात चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्रामला ढगात चेहरा दिसला तर ती चूक धरतात आणि दुरुस्त करतात. एर्न्स्टनं ती चूक वाढवत नेली.

वासुदेव गायतोंडे मात्र तिला थारा देत नाहीत, आणि मला स्वतःला तेच अधिक अवघड वाटतं. 1924 साली नागपुरात जन्म, 1948 मध्ये जे. जे.ची पदविका, सुरुवातीला आकृतिप्रधान चित्रं, मग पॉल क्लेचा प्रभाव. पुढे त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवले, काढले. वर्तमानपत्र-मासिकांचे फाडलेले तुकडे वापरून रंग उमटवला. साधनं एर्न्स्टच्या नात्यातलीच. पण एर्न्स्ट डागाला डोळा देतो, चोच देतो. गायतोंडे डाग पक्षी व्हायच्या अलीकडेच थांबवतात. आपल्या कामाला ते ‘अमूर्त’ही म्हणू देत नसत, कारण त्यात कशाचं तरी मूर्त रूप आधी गृहीत धरलं जातं. तरीही पाहणाऱ्याला त्यात क्षितिज दिसतं, पाणी दिसतं, न वाचता येणारी लिपी दिसते. जवळ जावं तर नुसता रंग. अनेक चित्रांना नाव नाही. सही तेवढी कधी कधी देवनागरीत.