घोडबंदर परिसरातील पोर्तुगीज वारसा आणि खाद्यसंस्कृती

घोडबंदर हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडणारे एक जुने बंदरगाव आहे. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, उल्हास नदी वसईच्या खाडीच्या रूपाने समुद्राकडे वळते त्या भागात ते वसले आहे. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्या दोन शतकांच्या खुणा येथील किल्ल्यात आहेत, तशाच उत्तन, डोंगरी, भाईंदर, काशीमिरा, गोराई, मनोरी आणि खाडीपलीकडील वसई येथील ख्रिस्ती वस्त्यांच्या भाषेत, सणांत आणि विशेषतः स्वयंपाकघरात टिकून आहेत. दक्षिण युरोपातील एका देशाची खाद्यपरंपरा कोकणातील तांदूळ, नारळ, माडी आणि मासळी यांच्याशी कशी जुळली, हे मुंबईच्या इतक्या जवळ पाहता येणारी ठिकाणे थोडीच आहेत.

नाव

अरब व्यापारी या बंदरात घोडे उतरवीत, त्यावरून 'घोडबंदर' हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पोर्तुगीज काळात या ठाण्याचा उल्लेख 'काकाबे दे तान्ना' असाही आढळतो. त्यातील 'तान्ना' म्हणजे ठाणे. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य जॉन फ्रायर याने १६७०च्या दशकात साष्टीचा प्रवास केला. त्याच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात हे गाव 'ग्रेबोंडेल' या रूपात येते. तेथील टेकडीवर एका धनाढ्य पोर्तुगीज जमीनदाराचा किल्ला, वाडा आणि चर्च एकाच इमारतीत असल्याचे तो नोंदवतो. घोडबंदरचा किल्ला आज पाहताना हे वर्णन ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते, कारण हे केवळ लष्करी ठाणे नव्हते. राहते घर, देऊळघर आणि तटबंदी अशी तिहेरी भूमिका ही वास्तू बजावत होती.

इतिहास

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबई बेटे पोर्तुगीजांना दिली. पुढे या मुलखाला 'उत्तरेचा प्रांत' म्हटले जाऊ लागले व वसई हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. गावे पोर्तुगीज सरदारांना व धर्मसंघांना दीर्घ मुदतीच्या खंडाने दिली जात. या खंडाला 'फोरो' म्हणत; मुंबईतील फोरास रोडच्या नावात तो शब्द अद्याप आहे. घोडबंदरच्या किल्ल्याचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले व त्यात अठराव्या शतकापर्यंत भर पडत गेली.

१६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने घोडबंदरवर केलेला हल्ला पोर्तुगीजांनी परतवला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या साष्टी मोहिमेत मात्र हे ठाणे मराठ्यांकडे आले. भाईंदरच्या पश्चिमेकडील धारावी बेट आणि त्यानंतर मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर उत्तरेच्या प्रांताचा बहुतांश भाग पोर्तुगीजांच्या हातून गेला. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली व १७८२च्या सालबाईच्या तहाने तो ताबा कायम झाला. इंग्रजी अमदानीत किल्ल्यातील जुन्या चर्चचे रूपांतर ठाण्याच्या कलेक्टरच्या निवासात करण्यात आले. एकाच वास्तूचे देऊळघर, गढी आणि सरकारी बंगला असे हे फेरफार लक्षात न घेतल्यास तेथील भिंतींचा अर्थ लागत नाही.

ख्रिस्ती समाज आणि त्याचे नाव

पोर्तुगीज धर्मसंघांनी या भागात चर्चे उभारली. काशीमिरा येथील सेंट जेरोम, डोंगरी येथील अवर लेडी ऑफ बेथलेहेम आणि भाईंदर येथील अवर लेडी ऑफ नाझरेथ ही त्यांपैकी परिचित नावे. धर्मांतर झालेले लोक प्रामुख्याने येथलेच कोळी, आगरी, कुणबी, भंडारी अशा समाजांतील होते. त्यामुळे त्यांना 'पोर्तुगीजांचे वंशज' समजणे चुकीचे आहे, जरी आडनावे परेरा, डिसोझा किंवा ग्रेशियस असली तरी. धर्मांतराचा हा इतिहास सर्वस्वी सौम्य नव्हता. साष्टीतील अनेक देवळे या काळात नष्ट झाली आणि बोरिवलीजवळील मंडपेश्वर लेण्याचा उपयोग फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च म्हणून केला. खाद्यसंस्कृतीच्या रम्य वर्णनात ही बाजू अनेकदा गाळली जाते.

पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतरही हा समाज मागे राहिला. तो घरात मराठीची बोली बोलत होता आणि शेती, मिठागरे व मासेमारीवर जगत होता. एकोणिसाव्या शतकात गोवा व मंगळूरकडील ख्रिस्ती मोठ्या संख्येने मुंबईत नोकरीसाठी आले. सरकारदरबारी सर्वांनाच 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हटले जाई. आपण ब्रिटिश मुलखातील मूळ रहिवासी आहोत हे स्पष्ट करण्यासाठी येथील समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले व त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. पोर्तुगीजांनी दिलेली आडनावे कायम ठेवून 'पोर्तुगीज' हे विशेषण नाकारणाऱ्या या समाजाने इंग्रज व्यापारी कंपनीच्या नावाशी नाते जोडावे, यातील विसंगती इतिहासाने सहज स्वीकारली आहे. वसईकडील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती यांच्या बोली आणि चालीरीती ईस्ट इंडियनांपेक्षा काही अंशी वेगळ्या आहेत. उत्तनसारख्या किनारी गावांत कोळी ख्रिस्तींची वस्ती मोठी आहे.

खाद्यसंस्कृती

पोर्तुगीजांनी आणलेले पदार्थ जसेच्या तसे येथे रुजले नाहीत. द्राक्षाची दारू, ऑलिव्हचे तेल, बदाम आणि बेकरीचे यीस्ट यांपैकी काहीच कोकणात सहज मिळत नव्हते. प्रत्येकाला स्थानिक पर्याय शोधावा लागला आणि या खाद्यपरंपरेची खरी चव त्या पर्यायांत आहे.

पाव हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. हा शब्द पोर्तुगीज 'पाँव' यावरून आला. पीठ फुगवण्यासाठी ताडामाडाची ताजी आंबणारी माडी वापरली गेली. ईस्ट इंडियन घरांतील 'फुगे' हा पदार्थही याच तत्त्वावर होतो. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध यांचे सैलसर पीठ माडीने किंवा आता यीस्टने आंबवतात. मग ते मुठीत घेऊन अंगठा व तर्जनी यांच्यामधून पिळून काढतात व गोळा गरम तेलात सोडतात. गोळे आपोआप उलटत फुगतात, म्हणून हे नाव. पोर्तुगालात नाताळात 'फिल्योश' नावाचे आंबवलेल्या पिठाचे तळलेले पदार्थ करतात. दोहोंचे साम्य उघड आहे, मात्र तिकडे ते साखर व दालचिनी भुरभुरून खातात, तर इकडे लग्नाच्या जेवणात मांसाच्या रश्श्याबरोबर. तांदळाच्या पिठाची हातावर थापलेली भाकरी, वडे आणि 'चिटॅप' नावाचे पातळ घावन हे मात्र शुद्ध कोकणी घराण्यातले आहेत.

माडीचाच दुसरा उपयोग शिरक्यासाठी झाला. मडेरा बेटावर 'कार्ने दे व्हिन्या द'आल्योश' हा दारू (किंवा तिचा शिरका) व लसूण यांत मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा पदार्थ नाताळात करतात. दीर्घ सागरी प्रवासात मांस टिकवण्यासाठी ही पद्धत सोयीची होती. कोकणात दारूच्या शिरक्याची जागा माडीच्या शिरक्याने घेतली, त्यात मिरची, आले, जिरे व दालचिनी आली आणि 'विंदालू' तयार झाला. ईस्ट इंडियन बोलीत त्यालाच 'इंदियाल' म्हणतात. या नावातील 'आलू' हा लसणाचा अपभ्रंश आहे. त्याचा बटाट्याशी काही संबंध नाही, तरीही अनेक उपाहारगृहांत विंदालूमध्ये बटाटा हटकून सापडतो. 'सोरपोतेल' हा पोर्तुगालच्या आलेन्तेजू प्रांतातील 'सारापातेल'चा वंशज. तिकडे तो कोकराच्या वा बकऱ्याच्या काळीज-आतड्यांचा होतो, इकडे बहुधा डुकराच्या. मुरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची चव वाढते, म्हणून तो सणाच्या आधीच शिजवून ठेवतात.

गोड पदार्थांत बदल अधिक स्पष्ट दिसतो. बदामाच्या 'मासापाँव'चा, म्हणजे मार्झिपानचा, येथील अवतार पुष्कळदा काजूचा असतो. काजूचे झाडही पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून आणले. पोर्तुगालातील बिही या फळाच्या 'मार्मेलादा' वडीची जागा येथे पेरूच्या वडीने घेतली. रवा, खोबरे, अंडी व बदाम यांचे 'थाळी स्वीट' केकसारखे भाजतात. नाताळात त्याच्या जोडीला कुलकुल आणि नेवऱ्या येतात. नेवरी म्हणजे करंजीच. एकाच ताटातील या पदार्थांची कुळे वेगवेगळी असली तरी खाणाऱ्याला ते जाणवत नाही.

बॉटल मसाला

ईस्ट इंडियन स्वयंपाकाची ओळख सांगायची तर ती बॉटल मसाल्याने. एप्रिल-मे महिन्यांत, उन्हे कडक असताना, मिरच्या व मसाले अंगणात वाळवून, वेगवेगळे भाजून उखळात कुटले जात. काही प्रकारच्या लाल मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, जायपत्री, नागकेशर, दगडफूल यांच्याबरोबर गहू व हरभरेही त्यात असतात. घटकांची संख्या सहसा वीस ते तिसांच्या घरात जाते आणि प्रत्येक घराचे प्रमाण निराळे. मसाला कुटण्यासाठी घरोघरी जाणाऱ्या बायकांचा एक व्यवसायच होता. तयार मसाला प्रकाशापासून वाचावा म्हणून गडद रंगाच्या रिकाम्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरत, त्यावरून हे नाव पडले. कोंबडीची 'खुडी', दुधी घालून केलेले मटणाचे 'लोनवास' अशा पदार्थांना तो लागतो.

हा मसाला पोर्तुगालात कोणी ओळखणार नाही. त्यातील परदेशी घटक मुख्यतः मिरची. तीही मूळ अमेरिकेतील, पोर्तुगीज जहाजांतून आलेली. मिरची येण्यापूर्वी कोकणात तिखटपणा मिऱ्याचा होता.

मासळी

पोर्तुगाल खारवलेल्या कॉड माशासाठी प्रसिद्ध आहे. उत्तन वाळवलेल्या बोंबलासाठी. पावसाळा संपल्यावर उत्तन, पाली, चौक या गावांच्या किनाऱ्यावर बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर जोडीजोडीने अडकवलेले बोंबील दिसतात. करंदी व जवळाही येथे सुकवतात. ही परंपरा पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची असून तिचे श्रेय पूर्णतः कोळ्यांचे आहे.

मराठी भाषेतील खुणा

पाव, काजू, अननस, पपई, बटाटा, कोबी, तंबाखू, बिस्कुट हे खाण्यापिण्याचे. परात, घमेले, पिंप, बादली हे भांड्यांचे. पगार, लिलाव, चावी, तुरुंग, काडतूस, फीत, पाद्री हे व्यवहाराचे शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आले. हापूस हे नाव 'आफोन्सो'चे रूप आहे. 'पेरू' हा शब्द नासपतीसाठी असलेल्या 'पेरा'वरून आल्याचे मानले जाते. शब्द आणि पीक मात्र नेहमी एकत्र आले असे नाही: बटाट्याचे नाव पोर्तुगीज असले तरी त्याची मोठ्या प्रमाणावरील लागवड ब्रिटिश काळात झाली.

सण आणि विधी

ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी 'अगेरा' हा सुगीचा सण होतो. भाताची नवी कणसे वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद दिला जातो व ती घरोघरी वाटली जातात. लग्नाच्या आधी 'उंबराचं पाणी' हा विधी असतो; बँडच्या साथीने विहिरीवर जाऊन पाणी आणले जाते. जुन्या बायका या प्रसंगी काष्ट्याचे लुगडे नेसतात. मसाले घालून गरम केलेली 'खिमाड' ही दारू पाहुण्यांना दिली जाते. भातशेती जवळजवळ उरलेली नाही अशा गावांतही अगेऱ्याची कणसे आणली जातात, मग ती दुसऱ्या गावाहून का आणावी लागेनात.

पर्यटन

या परिसराची फेरी एका दिवसात होण्याजोगी नाही. घोडबंदरचा किल्ला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता जेथे मिळतात त्याच्या जवळ आहे. पश्चिम रेल्वेची मिरा रोड व भाईंदर ही जवळची स्थानके. उत्तन व डोंगरीला भाईंदर पश्चिमेहून बसने जाता येते. चौकजवळ धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. गोराईला बोरिवलीकडून व मनोरीला मार्वेहून नावेने जाण्याची सोय आहे. मनोरीत ईस्ट इंडियन समाजाची जुनी भांडी, वेशभूषा व अवजारे मांडलेले छोटे संग्रहालयही आहे. खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज नगराचे भव्य अवशेष आहेत. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया हे मूळचे वसईचे.

पदार्थांच्या बाबतीत प्रवाशाला एक अडचण येते. गोव्याचे पदार्थ उपाहारगृहांत मिळतात. ईस्ट इंडियन पदार्थ मात्र बहुतांशी घरगुती राहिले. ते चाखण्याची संधी लग्नसमारंभात, चर्चच्या वार्षिक सणाच्या जत्रेत किंवा घरून मागणीप्रमाणे स्वयंपाक करून देणाऱ्या महिलांकडे मिळते.

सद्यःस्थिती

मिरा-भाईंदर नगरपरिषदेची २००२ मध्ये महानगरपालिका झाली. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांस उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. भातखाचरे आणि मिठागरे आक्रसत गेल्याने गावठाणे इमारतींच्या मधोमध बेटांसारखी उरली आहेत. अंगण गेले तेथे मसाला वाळवण्याची जागाही गेली. बरीच कुटुंबे आता तो तयार विकत घेतात किंवा गिरणीतून दळून आणतात. माडी काढणारे कमी झाल्याने फुग्यांचे पीठ यीस्टवर आंबवले जाते आणि जुन्या पिढीला त्यातला फरक लगेच कळतो. तरुण पिढीत इंग्रजीचे प्राबल्य वाढल्यामुळे बोलीचा वापर घटला असून, पदार्थांची व भांड्यांची अनेक नावे केवळ ज्येष्ठांच्या तोंडी उरली आहेत.