रोहा रेल्वे स्थानक

महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील, कुंडलिका नदीकाठच्या रोहे शहराचे रेल्वे स्थानक. मध्य रेल्वेच्या दिवा–पनवेल–रोहा मार्गाचे हे अखेरचे स्थानक असून येथून पुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. दिव्याहून निघालेला रुंदमापी मार्ग १९६६ मध्ये आपट्यापर्यंत पोहोचला. तेथून पेण, नागोठणेमार्गे रोह्यास येण्यास १९८६ साल उजाडले. या विस्तारामागे औद्योगिक मालवाहतूक हे प्रमुख कारण होते. पुढील सात वर्षे लोहमार्ग येथेच संपत असल्याने महाड, चिपळूण, रत्नागिरीकडील प्रवाशांना रस्त्याचाच आधार होता. डोंगराळ प्रदेश, नद्या व निधीची चणचण यांमुळे दक्षिणेकडील बांधणी रखडली होती. १९९० मध्ये केंद्र शासन व महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या राज्यांच्या भागीदारीतून कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ही कोंडी फुटली. १९९३ मध्ये रोहा–वीर हा ४७ किमी.चा टप्पा सुरू झाला. मंगळूरजवळील ठोकूरपर्यंतचा सु. ७४० किमी. लांबीचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला. अशा रीतीने शेवटचे स्थानक दोन रेल्वेंचा सांधा बनले. तथापि लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या येथे न थांबता पुढे जातात. त्यामुळे स्थानिकांची मुख्य भिस्त दिवा–रोहा गाड्यांवरच आहे.