थंडीतली केळ

सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खुंट बांधताना हे झाड मूळचं परक्या हवेतलं आहे, असं आपल्या मनातही येत नाही. केळ ही आग्नेय आशियातल्या उष्ण, दमट रानांतली. पारा 10 अंशांच्या खाली गेला की तिची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात आणि कधी कधी घड पोंग्यातच अडकून बसतो.

मग नाशिककडच्या थंडीत ती टिकली कशी? निफाडला डिसेंबर 2018 मध्ये पारा 2 अंशांच्याही खाली उतरला होता. अशी कडाक्याची थंडी इथे अधूनमधून पडायचीच. तरीही इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात सिन्नरच्या बागायतीत उसाच्या जोडीला केळीची नोंद आहे.

हाच प्रश्न इंग्लंडातल्या एका उमरावापुढेही होता. तिथे तर हिवाळ्यात बर्फच पडतं. डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांच्या चॅट्सवर्थ येथील बागेत जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने एक ठेंगणी केळ काचघरात वाढवली. 1835 च्या नोव्हेंबरात ती निसवली. धन्याच्या नावावरून त्या जातीला ‘कॅव्हेंडिश’ म्हणू लागले. आपली बसराई केळ त्याच जातीची! पुढे पॅक्स्टनने 1836 पासून तिथे एक भव्य काचघर उभारलं. आत उष्ण देशांतली झाडं, आणि त्यांना ऊब द्यायला कोळशाच्या भट्ट्या. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, भट्ट्या विझल्या, झाडं मेली. 1920 साली ते काचघर पाडून टाकलं.

आपल्या शेतकऱ्याजवळ ना काच होती, ना कोळसा. त्याने वाऱ्याच्या बाजूला शेवरी दाट लावली. थंडीच्या रात्री विहिरीचं पाणी दिलं. कारण खोल विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओली जमीन लवकर गार होत नाही. बुंध्याशी पाचट पसरलं. बांधावर पालापाचोळा पेटवून धूर केला. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात, त्या याच विद्येच्या.

माझ्या लहानपणी एका थंडीत आमच्या परसातली केळ पार करपली. आम्ही मुलं ती उपटायला निघालो. आजी म्हणाली, “थांबा रे. खोड गेलंय, गड्डा नाही गेला.” तिने वरचं खोड कापलं, बुंध्यावर राख आणि पाचट घातलं. होळीच्या सुमारास तिथून दोन मुनवे वर आले. केळीचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो, हे पुस्तकात मी फार उशिरा वाचलं.

चॅट्सवर्थची बाग कोळशावर जगत होती. कोळसा संपला, बाग संपली. आपली केळ माणसांच्या माहितीवर जगली. पण माहितीही विझते. रात्री बारी धरणारी, वारा ओळखणारी म्हातारी माणसं एकेक करून जात आहेत. शिक्षक बंधुभगिनींनो, यंदाच्या हिवाळ्यात मुलांना वही घेऊन अशा एखाद्या आजोबांकडे धाडा. “थंडीत केळ कशी राखायचा?” एवढंच विचारायला सांगा. गड्डा शाबूत आहे तोवर मुनवे फुटतील.