कासवाची तपासणी आणि माणसाचे हात

साप, सरडे, कासवं पाळणारी जाणकार माणसं नवा प्राणी आणला की त्याला महिना ते तीन महिने बाकीच्यांपासून वेगळं ठेवतात. त्याचं खाणं-पाणी सगळ्यांत शेवटी बघतात, चिमटे आणि भांडी निराळी ठेवतात, दर वेळी हात धुतात. मुदत सरली आणि विष्ठेची तपासणी निर्दोष आली, की मात्र हात धुण्याची निकडही संपली, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेतल्या पाळीव कासवांचा इतिहास हा समज खोडून काढतो. विलगीकरणामुळे जुन्या प्राण्यांना नव्याचा रोग लागत नाही, हे खरं. पण पाळणाऱ्या माणसाचं रक्षण त्यातून होत नाही. त्यासाठी हातच धुवावे लागतात, आणि तेही प्राणी घरात असेपर्यंत.

१९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेतल्या किरकोळ वस्तूंच्या दुकानांत रेड-इअर्ड स्लायडर जातीची इवलीशी पिल्लं अगदी स्वस्तात मिळत. त्यांची पैदास प्रामुख्याने लुइझियानातल्या तळ्यांवर होई. मुलं ती तळहातावर घेत, काही जण तोंडातही घालत. १९६३ साली पाळीव कासवापासून साल्मोनेला या जिवाणूची बाधा झाल्याची नोंद झाली आणि पुढे अशा नोंदी वाढत गेल्या. १९७०च्या सुमारास कासवांमुळे दरवर्षी सुमारे २ लाख ८० हजार लोकांना ही बाधा होत असावी, असा अंदाज मांडला गेला. त्यावर १९७२ साली सरकारने प्रमाणपत्राचा उपाय काढला: साल्मोनेलामुक्त असल्याचा दाखला नसेल, तर कासवं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायची नाहीत. हा उपाय फसला. साल्मोनेला कासवाच्या आतड्यात मुक्कामाला असतो. कासव आजारी दिसत नाही आणि जंतू विष्ठेतून रोज बाहेर पडतातच असंही नाही. प्रवासाचा, गर्दीचा ताण आला की ते पुन्हा बाहेर पडू लागतात. म्हणजे आज निर्दोष ठरलेलं पिल्लू काही दिवसांनी, एखाद्या घरातल्या टाकीत, जंतू सोडू शकतं. पुढे अंड्यांवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची प्रक्रिया करून पाहिली, तर त्या औषधाला दाद न देणारे साल्मोनेला निर्यात केलेल्या कासवांत सापडले.

अखेर १९७५ साली चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरपेक्षा, लहान पाठीच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री बंद झाली आणि मुलांमधली बाधा झपाट्याने घटली. इथे एक रास्त आक्षेप येतो: हे यश कायद्याचं आहे, त्यात साबणाचं श्रेय काय? पण या कायद्याची मर्यादा कुठे आखली ते पाहावं. चार इंचांचं कासव निर्जंतुक असतं असा त्याचा दावा नव्हता. ते लहान मुलाच्या तोंडात सहजासहजी मावत नाही, एवढंच त्यात गृहीत होतं. प्राणी शुद्ध करण्याचा नाद सोडून जंतूंची तोंडापर्यंतची वाट अडवली, म्हणून तो उपाय लागू पडला. शिवाय तो कासवांपुरताच होता. पुढे इग्वाना लोकप्रिय झाले तेव्हा तान्ह्या बाळांनाही बाधा होऊ लागली. प्राण्याला कधीच न शिवलेल्या अशा बाळांपर्यंत जंतू पोहोचायला मोठ्यांचे हात आणि कपडे पुरेसे असतात.

हातांचं महत्त्व १९९६ साली डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात लख्खपणे दिसलं. कोमोडो ड्रॅगनचं प्रदर्शन पाहून गेलेल्यांपैकी ६५ जण साल्मोनेलाने आजारी पडल्याचं आढळलं. ३९ जणांची बाधा तपासणीत सिद्ध झाली, २६ संशयित होते. आजारी नसलेल्यांशी तुलना केल्यावर फरक उघड झाला तो लाकडी कुंपणाचा. आजारी पडलेल्यांपैकी ८३ टक्क्यांनी त्या कुंपणाला हात लावला होता, इतरांपैकी ५२ टक्क्यांनी. तोच जंतू एका ड्रॅगनमध्येही सापडला आणि कुंपणाच्या लाकडावरही. आणि ड्रॅगन पाहून झाल्यावर ज्यांनी तिथेच हात धुतले होते, त्यांना आजाराचा धोका फारच कमी होता. प्राण्याला स्पर्श केला की नाही, एवढ्यावर धोका ठरत नाही, हे यातून पटतं. टाकीची काच, पाण्याचं भांडं, पिंजऱ्याची कडी यांनाही हात धुण्याचा तोच नियम लावायला हवा.

हातावर जंतुनाशक जेल चोळलं की भागतं, असंही कोणी म्हणेल. साल्मोनेलाबाबत, जवळ पाणी नसेल तर, जेलचा उपयोग आहे. पण मळलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत आढळणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची कवचबंद बीजं अल्कोहोलने मरत नाहीत. विलगीकरणातल्या प्राण्याकडून दुसऱ्या प्राण्याकडे जाताना ती हातांवरून जाऊ नयेत, यासाठी साबणाने चोळून वाहत्या पाण्याखाली हात धुणंच भरवशाचं.

मुंबई-पुण्यातल्या फिश टँकच्या दुकानांतही हीच स्लायडर पिल्लं विकली जातात, त्यामुळे हा इतिहास आपल्यालाही लागू आहे. घेणाऱ्याला दुकानदाराने खाण्याच्या डबीबरोबर तीन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात: टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका, प्राण्याला किंवा टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा प्राणी नेऊच नका. निर्दोष तपासणीचा कागद हातात असला, तरी यातली एकही गोष्ट गाळता येणार नाही.