अश्वशाळा आणि वाह्याली

सरकारी नोकरीच्या आरंभीच्या काळात लेखापरीक्षणाच्या निमित्ताने एका तबेल्याचे हिशेब माझ्यापुढे आले होते. त्यांत दरवर्षी नेमाने येणारी एक रक्कम होती : मैदानासाठी वाळू. घोडा काही वाळू खात नाही, मैदानही जागच्या जागी आहे. मग ही वाळू जाते कोठे, असा शेरा मी तरुणपणाच्या तोऱ्यात मारला आणि त्या वर्षीची मागणी निम्म्यावर आली. पुढल्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेथे जाण्याचा योग आला. घोडे फिरवण्याच्या रिंगणाच्या कडेकडेने टापांनी खोल चाकोरी पडली होती. तिच्यात पाणी साचून चिखल झाला आणि तो उन्हाने वाळून दगडासारखा टणक झाला होता. दोन घोडे पाय सुजून ठाणावर उभे होते. तेथल्या वृद्ध जमादाराने न रागावता मला समजावून सांगितले. भूमी कठीण असली की खूर आणि सांधे जातात. वाळू फार खोल झाली तर पायामागच्या शिरेवर ताण येतो. म्हणून रोज पाणी शिंपून, दाताळे फिरवून, कडेला सरकलेली वाळू मध्ये ओढून ती जमीन सारखी ठेवावी लागते. वाळू वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते, टापांनी मातीत मुरते. ती जाते ती अशी.

त्या खजिलपणातूनच, आपल्या पूर्वजांनी या बाबतीत काय लिहून ठेवले आहे ते पाहण्याचा मला नाद लागला.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला सापडली आणि शामशास्त्र्यांनी १९०९ साली ती छापून प्रसिद्ध केली. पुढे मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात काढली. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. तो त्यांच्यावर सोपवू. दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचे जे प्रकरण आहे ते मात्र कोणाही सरकारी माणसाने वाचावे असे आहे. घोड्यांच्या संख्येनुसार शाळेची लांबी धरावी, रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट असावी, चार दारे असावीत आणि मध्यभागी घोड्यांना लोळण्यासाठी मोकळी जागा असावी, असे तेथे सांगितले आहे. या लोळण्याच्या जागेपाशी मी थबकलो. श्रम झालेला घोडा मातीत लोळून अंग मोकळे करतो, हे ज्याने प्रत्यक्ष पाहिले आहे त्यालाच अशी जागा आराखड्यात धरण्याचे सुचणार. प्रत्येक घोड्याचे ठाण त्याच्या लांबीइतके चौरस असावे, खाली गुळगुळीत फळ्या असाव्यात, दाण्याची कोठी आणि मलमूत्र वाहून जाण्याची सोय असावी, तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस असावे. घोड्या, वळू आणि शिंगरे यांच्या जागा निरनिराळ्या. शाळेत माकडे, मोर, मुंगूस, पोपट, साळुंक्या ठेवाव्यात असेही म्हटले आहे. मुंगसाचे कारण समजते. साळुंकीचे काय प्रयोजन असावे याचा वाचकांनीच तर्क करावा!

व्यायामाचा विचार याच प्रकरणात पुढे येतो. वर्तुळात फिरणे, संथ चाल, उड्या, दौड, आणि इशाऱ्याबरहुकूम चालणे अशा पाच प्रकारच्या गती सांगून त्यांचे पोटभेद दिले आहेत. रथाच्या घोड्यांना सहा, नऊ व बारा योजने, तर पाठीवर स्वार घेणाऱ्यांना पाच, साडेसात व दहा योजने अशी वाटचालीची मर्यादा प्रतीप्रमाणे ठरवली आहे. म्हणजे घोडा किती चालवावा हे स्वाराच्या लहरीवर सोडलेले नव्हते. वैद्याने विश्रांती सांगितलेल्या घोड्यावर कोणी स्वारी केली तर त्याला बारा पण दंड होता. औषधोपचाराच्या हयगयीने रोग वाढला तर खर्चाच्या दुप्पट, आणि घोडा दगावलाच तर त्याच्या किमतीएवढा! वेतनांच्या यादीत अश्वाध्यक्षास ४००० पण आहेत आणि घोडे शिकवणाऱ्या अश्वदमकास २०००, वैद्यालाही तेवढेच.

याच विषयाचा दुसरा ग्रंथ आपल्या अधिक जवळचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. ती कल्याणी म्हणजे आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. त्यात ‘वाजिवाह्यालीविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. वाह्याली म्हणजे घोडे फिरवण्याचे मैदान. राजाच्या देखत त्यावर घोड्यांच्या चाली पाहिल्या जात आणि घोड्यावरून चेंडूचा खेळही होत असे. तबेला वेगळा आणि मैदान वेगळे, आणि मैदानाला स्वतःचे नाव, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्याला नाव असते त्याला अंदाजपत्रकात जागा मिळते.

मराठ्यांच्या घोड्याला अशी सजवलेली वाह्याली क्वचितच लाभली. त्याचे मैदान म्हणजे मुलूखच. पण देखभालीची शिस्त तेथेही होती. सभासद सांगतो की, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे पाणी आणि नाल यांची तरतूद घोड्यांच्या संख्येलाच बांधलेली होती. राज्याभिषेकाच्या सुमारास छत्रपतींनी चिपळूण भागातल्या लष्कराच्या अंमलदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा व गवत आधीच उधळले तर पुढे घोडे उपाशी मरतील, लोक रयतेला छळू लागतील, अशी त्यात ताकीद आहे. रात्री जळती वात उंदराने ओढून नेली तर गंजी पेटतील, इतक्या बारकाईपर्यंत ते पत्र जाते. हजारो घोड्यांच्या धन्याला उंदराची आठवण राहते, याचे मला प्रत्येक वाचनात नवल वाटते.

पावसाळा छावणीत काढून दसऱ्याला सीमोल्लंघन, हा मराठी फौजेचा क्रम होता. अर्थशास्त्रातही घोड्यांचे नीराजन आश्विनातल्या नवव्या दिवशीच सांगितले आहे. आपण परमुलखात खंडेनवमीला घोड्याऐवजी स्कूटरला झेंडूची माळ घालतो, तेव्हा हे सहसा मनात येत नाही. घोड्यासाठी भूमी साफ करण्याची मराठी सवय आज मुख्यतः वारीत टिकून आहे. रिंगणाची जागा आधी मोकळी करून घेतात, मग अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात.

माझ्या त्या शेऱ्यानंतर दुसऱ्याच वर्षी माझी बदली झाली. जाण्यापूर्वी वाळूची रक्कम पूर्ववत करावी अशी टिप्पणी मी स्वहस्ते लिहिली होती. आधीचा शेराही त्याच फाइलीत, तिच्याच मागल्या पानावर, माझ्याच सहीनिशी राहिला.